वेगळं ताट

हातखंब्याच्या तिठ्यावर पंक्चर काढणारे पुष्कळ झाले, पण गोव्याकडे निघालेले जुने ट्रकवाले थांबायचे ते रामा घवाळीकडेच. कारण साधं होतं. रामा बोलत नसे. बाकीचे लोक पंक्चर काढता काढता गावच्या भानगडी, मेव्हण्याची भांडणं आणि हायवेच्या कामातले घोळ असं सगळं गिऱ्हाइकाच्या कानात ओतायचे. रामा नुसता टायर उघडायचा, ट्यूब पाण्यात बुडवायचा, बुडबुडा दिसला की तिथे बोट ठेवायचा आणि कामाला लागायचा. बाहेर गप्प असणारी माणसं घरी तरी तोंड उघडतात, पण इथे तेही नाही. त्याची बायको हेमा म्हणायची, "आमच्या ह्यांच्या तोंडास देवीनं कुलूप घातलान, नि चावी पालखीच्या दांड्यास बांधून ठेवलान."

यात चेष्टा होती, पण खोटं काही नव्हतं. शिमग्यात ग्रामदेवीची पालखी घरोघर निघाली की हाच माणूस वेगळा व्हायचा. ढोल घुमायला लागला की रामा शर्ट काढून दांड्याखाली डावा खांदा द्यायचा आणि अशी पालखी नाचवायचा की मुंबईहून आलेले चाकरमानीसुद्धा मोबाईल खिशात घालून नुसते बघत राहायचे. चण बारकी, पण दांड्याखाली तो कधी वाकला नाही. वर्षानुवर्षं नाचवून त्याच्या खांद्यावर घट्टा पडला होता, आणि असा घट्टा म्हणजे वाडीत मिरवायची गोष्ट.

म्हणूनच एका शिमग्यानंतर त्याच्या मानेच्या मुळाशी, गळ्याच्या हाडावरच्या खळग्यात सुपारीएवढी गाठ आली, तेव्हा कोणाला कसली शंका आली नाही. पहिल्यांदा ती हेमाच्या हाताला लागली. ती त्याच्या खांद्याला तेल चोळत होती.

"ह्यां काय ओ?"

"दांडा," रामा म्हणाला. एका शब्दात निकाल.

तरी हेमाने ती गाठ सखारामला दाखवली. सखाराम म्हणजे रामाचा थोरला भाऊ. एस.टी.तून निवृत्त झालेला कंडक्टर आणि पालखीच्या मानकऱ्यांपैकी एक. त्याचं मत वाडीत तिकिटासारखं होतं, एकदा फाडलं की परत घेत नसत. त्याने बोटाने गाठ दाबून पाहिली.

"दुकता काय रे?"

"न्हाय."

"मग देवीची खून हाय ती. दांड्यानं उठलेली. आपल्या चुलत्यास पन अशीच व्हती. येतां नि जातां."

दुखत नव्हती, तिथेच घात झाला. दुखणारी गाठ माणूस डॉक्टरला दाखवतो आणि न दुखणारीला नमस्कार करतो. हेमाने रक्तचंदन उगाळून लावलं. रामाने आरशात बघून एकदा गाठीवरून हात फिरवला. त्या बिचाऱ्याला तिचा थोडा अभिमानच वाटला असेल, असं हेमाला पुढे कित्येकदा वाटलं.

मग घाम सुरू झाला. सकाळी उठला की सदरा पिळून घ्यावा इतका घाम. पण दिवस आंब्याचे, घाम कोणाला येत नव्हता? संध्याकाळी कणकण यायची, तर दिवसभर उन्हात टायर उचलल्यावर अंग तापणारच. पट्टा दोन भोकं आत गेला, तर म्हणे कामात जेवण होत नाही. प्रत्येक गोष्टीला एक उत्तर तयार होतं आणि प्रत्येक उत्तर पटण्याजोगं होतं. अडचण इतकीच झाली, की सुपारीचा आवळा झाला आणि आवळ्याशेजारी दुसरी गाठ उभी राहिली. एक दांडा दोन गाठी कशा देईल, हे हेमाने सखारामला विचारलं नाही. ती रामाला घेऊन सरळ नाक्यावरच्या डॉक्टरकडे गेली.

डॉक्टरांनी रत्नागिरीला पाठवून सुई घालून गाठीतलं पाणी तपासून आणायला सांगितलं. कागदावर आलं, टीबी असू शकतो. रत्नागिरीपासून हातखंब्यापर्यंत येताना त्यातलं 'असू शकतो' कुठेतरी गळलं आणि 'आहे' तेवढं घरी पोचलं. गोळ्या सुरू झाल्या. डॉक्टरांनी बजावून सांगितलं, "हा गाठीचा टीबी. खोकल्याचा नाही. याने दुसऱ्याला काही होत नाही."

पण टीबी हा शब्द रामाच्या घरात परका नव्हता. त्याचे वडील, आबा, क्षयाने गेले. त्यांच्यामागून वर्षभरात त्याची धाकटी बहीण शेवंती गेली. वडलांचा तिच्यावर फार जीव. खोकत असायचे तरी तिला मांडीवर घेऊन आपल्या ताटातला पहिला घास तिला भरवायचे. कोणी काही बोललं तर म्हणायचे, माझ्या हातचं खाऊन माझ्या पोरीला काय होणार आहे? रामा तेव्हा शाळेत जायचा आणि समोर बसून हे बघायचा. बापाच्या मायेने शेवंती गेली, असं त्याने त्या वयात मनाशी धरलं आणि पुढे कोणाजवळही बोलून दाखवलं नाही. हेमालासुद्धा हे लग्नानंतर बऱ्याच वर्षांनी, तेही सखारामकडून कळलं.

गोळ्या सुरू झाल्या त्या दिवशी रामाने मांडणीवरून एक स्टीलचं ताट, एक वाटी आणि एक पेला बाजूला काढला. ताटाच्या कडेला खिळ्याने खूण केली.

"डाक्टर म्हनाले ना पसरत न्हाय," हेमा म्हणाली.

"आसू दे."

आता अवनीबद्दल सांगायला हवं. अवनी रामाची मुलगी, तेव्हा पहिलीत होती. लग्नानंतर खूप उशिरा झालेली, त्यामुळे दोघांचा जीव की प्राण. रामाच्या तोंडाची चावी पालखीच्या दांड्याला होती हे खरं, पण दुसरी चावी या पोरीपाशी होती. शाळा सुटली की ती वडलांच्या दुकानावर यायची. पाण्याच्या टबापुढे उकिडवी बसून ट्यूबमधला बुडबुडा शोधायची आणि सापडला की ओरडायची, "बाबा, हितं, हितं!" रामाला तो आधीच दिसलेला असायचा, पण तो तिने शोधेपर्यंत थांबायचा. ट्रकवाला खोळंबला तरी चालेल. जेवताना ती त्याच्याच ताटात जेवायची. खुणेचं ताट निघालं तेव्हापासून ते बंद झालं. पण निदान ती शेजारी बसायची, त्याच्या पाठीवर लोळायची, आणि तोही तिला हलकेच दूर करायचा, मनापासून नाही.

सगळा पावसाळा गोळ्या खाण्यात गेला. गाठी कमी होईनात. "औषधास गुन यायला टाइम लागतो," असं सखाराम म्हणाला, शेजारी म्हणाले, औषधवालाही म्हणाला. हेमाला मात्र दिसत होतं की औषध एका बाजूला चाललंय आणि माणूस दुसऱ्या बाजूला. गणपतीत आरतीला उभं राहता राहता रामा मटकन खाली बसला. चेहरा सुजला होता आणि श्वास पुरत नव्हता. मग रत्नागिरीच्या मोठ्या दवाखान्यात नेलं, छातीचा स्कॅन झाला, गळ्यातली एक गाठ सबंध काढून मुंबईला तपासायला गेली. ती आधीच सबंध काढायला हवी होती, असं तिथले डॉक्टर एकमेकांत बोलले. हेमा पडद्याच्या अलीकडे उभी होती. असं काही ऐकल्यावर माणसाने करायचं काय? भांडायचं कोणाशी?

निकाल आला तेव्हा डॉक्टर योगिनी लिमये यांनी हेमाला आणि सखारामला आत बोलावलं. बाई वयाने लहान, पण बोलणं शांत आणि कळेल असं.

"हा टीबी नाही," त्या म्हणाल्या. "आपल्या अंगात रक्तासारखंच आणखी एक पाणी फिरत असतं. त्याच्या वाटेवर जागोजागी गाठी असतात, गळ्यात, काखेत, छातीत. नाक्यावर पोलीस असतात तशा. रोग आला की तिथे अडवतात. यांच्या बाबतीत ते पोलीसच बिघडले. याला लिम्फोमा म्हणतात. हा एक प्रकारचा कॅन्सर आहे."

सखाराम म्हणाला, "पन ती दांड्याची गाठ..."

"कसला दांडा?"

 सखारामचा हात आपोआप स्वतःच्या खांद्याकडे गेला आणि तिथेच राहिला.

"हा कॅन्सर औषधाने बरा होऊ शकतो," डॉक्टर सांगत होत्या. "पुष्कळ लोक बरे होतात. यांना उशीर झालाय, छातीतल्या गाठी मोठ्या आहेत, म्हणून मी खात्री देणार नाही. पण आपण सुरू करू. सलाईनमधून औषध, दर तीन आठवड्यांनी."

हेमाला त्यातलं 'बरा होऊ शकतो' तेवढं ऐकू आलं. तिने ते घट्ट धरलं.

बाहेर पंख्याखालच्या बाकावर रामा बसला होता, गळ्याला पट्टी. दारातून बाहेर पडायच्या आधी सखारामने हेमाचा दंड धरला. एरवी हा थोरला दीर तिच्याशी दोन हात लांब उभा राहून बोलायचा.

"हेमा, कॅन्सर म्हनायचां न्हाय. तां नाव ऐकलान तर तो हितंच हात टेकील. औषध घ्यायचा न्हाय."

"मंग काय सांगू, भावजी?"

"टीबीच म्हन. छातीत उतरलाय म्हन, म्हंजे सलायनं कशाला तां इचारायचा न्हाय."

हेमा हो म्हणाली नाही. नाहीही म्हणाली नाही. सखाराम पुढे गेला, भावाच्या शेजारी बसला आणि कंडक्टरच्या खणखणीत आवाजात म्हणाला, "काय न्हाय रे. टीबीच हाय. जरा छातीत उतरलाय. मोठां औषध देतील, जाईल."

सखारामला दोष देणं सोपं आहे. आपण सगळे शहाणे असतो ते बस सुटल्यावर. पण त्या बाकावर त्याचा भाऊ बसला होता, ज्याला त्याने अंगाखांद्यावर वाढवलं, आणि ज्याच्या गाठीला त्यानेच देवीची खूण म्हटलं होतं. मग सखारामच्या तोंडून कॅन्सर हा शब्द कसा निघावा?

डॉक्टर योगिनींना हे पसंत नव्हतं. त्या हेमाला म्हणाल्या, "मी आपणहून सांगणार नाही, तुम्ही म्हणताय म्हणून. पण त्यांनी मला विचारलं तर मी खोटं बोलणार नाही." हेमाने मान हलवली. रामा विचारणार नाही हे तिला माहीत होतं. जो माणूस ट्रकवाल्याला कुठून आलास हे विचारत नाही, तो डॉक्टरला काय विचारणार?

घरी आल्यावर रामाने पहिलं काम केलं ते आपलं अंथरूण पडवीत नेण्याचं. ताट, वाटी, पेला पडवीतल्या फळीवर गेला. मग त्याने अवनीला हाक मारली. ती धावत आली आणि त्याच्या अंगावर झेपावणार, तोच त्याने दोन्ही हात पुढे करून तिला अडवलं.

"थांब. बाबाच्या छातीत टीबी हाय. तो उडतो. आता हिकडं यायचां न्हाय. उंबऱ्यात उबी राहून बोलायचां. कळलां?"

"किती दिवस?"

"बाबा बरा होईस्तोवर."

अवनीने खाली बघितलं, एक पाऊल मागे घेतलं आणि उंबऱ्यावर जाऊन उभी राहिली. मोठी समजूतदार पोर. तिने हट्ट केला असता तर बरं झालं असतं, असं हेमाला वाटलं. हेमाच्या हातात भाताचं पातेलं होतं. सखारामने काय करून ठेवलं ते तिला त्या क्षणी कळलं. गाठीतला टीबी उडत नव्हता. छातीतला उडत होता. छातीत त्यांनी उतरवला होता, बाकावर बसून, एका वाक्यात.

औषध सुरू झालं. हेमा त्याच्यासोबत पहाटेच्या गाडीने जायची. एक सलाईन लाल रंगाचं होतं. ते घेतल्यावर लघवी लाल झाली तेव्हा रामा घाबरला, पण टीबीच्या गोळ्यांनी ती नारिंगी व्हायचीच, त्यामुळे तेही खपलं. केस गेले. "औषध गरम हाय," हेमाने सांगितलं. खोटं एकदा घरात घेतलं की त्याला रोज जेवायला घालावं लागतं. तोंडात फोड आले, पेजेचा घोटही उतरेना. बोटांची टोकं बधिर झाली. एकदा बरं वाटलं म्हणून तो तिठ्यावर दुकान उघडायला गेला, तर ट्यूबवरून बोट फिरवताना त्याला काही कळेना. कुठे फाटलंय, कुठे शाबूत आहे, सगळं सारखंच. तो शटर ओढून घरी आला. त्या दिवशी तो अवनीशीसुद्धा बोलला नाही.

हेमाने प्रयत्न केला नाही असं नाही. एकदा तिने डॉक्टरांना विचारलं, "पोर जवळ गेली तर चालतां ना?"

"अगदी चालतं," योगिनी म्हणाल्या. "सर्दीखोकला झालेला कोणी त्यांच्याजवळ येऊ देऊ नका, त्यांना सोसायचं नाही. पण त्यांच्यापासून कोणालाही काहीही धोका नाही. मुलीला बसू दे शेजारी. औषधाइतकाच उपयोग होईल."

हेमा आनंदाने घरी आली आणि रामाला सांगितलं, डॉक्टर म्हणतात पोरीला जवळ घ्या, तुमच्यापासून काही लागत नाही.

रामा म्हणाला, "आबांच्या डाक्टरनं पन असांच सांगितलान व्हतां."

 हेमाकडे एकच उत्तर होतं आणि ते तोंडातून काढायची बंदी होती. तिने स्वतःवरच ती घालून घेतली होती. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. खरं सांगावं तर हा हात टेकेल, औषध सोडेल, आणि औषध सोडलं तर मरेल. न सांगावं तर डोळ्यांसमोर बाप आणि लेक एकमेकांसाठी झुरताहेत. सकाळी अवनी उंबऱ्यात उभी राहून पाढे म्हणून दाखवायची. संध्याकाळी तिथेच बसून चित्र काढायची आणि लांबूनच वर धरायची. रामा पडवीतून डोळे बारीक करून बघायचा आणि म्हणायचा, "बेस झालां." मधे चार हातांचं अंतर. हेमा त्या चार हातांतून केर काढायची, ताट न्यायची, आणायची. कित्येकदा तिला वाटलं, पोरीला उचलावं आणि त्याच्या अंगावर टाकावं. होऊ दे व्हायचं ते. पण होणार काय, तर रामा घाबरून ओरडणार आणि पोर आणखी बिचकणार.

सखाराम दर दोन दिवसांनी यायचा, अंडी, शहाळी, काहीतरी घेऊन. यंदा रामाच्या जागी दांड्याला दुसरा गडी घेतलाय, हे सांगताना त्याचा आवाज खाली आला होता. पालखी अंगणात आली तेव्हा रामाने पडवीतूनच हात जोडले. गर्दीत जायची बंदी होती. ढोल वाजत होता आणि त्याचे पाय स्वस्थ होते. हेमाने ते बघितलं आणि ती ओटी भरायचं निमित्त करून आत गेली.

सगळी सलाईनं संपल्यावर कोल्हापूरला जाऊन पुन्हा स्कॅन केला. गाठी गेल्या होत्या. गळ्यातली गेली, छातीतली चिमूटभर उरली होती, तीही मेलेली असावी असं योगिनी म्हणाल्या. हेमाने दवाखान्याच्या पायरीवर बसून रडून घेतलं. तोंड धुतलं आणि आत जाऊन रामाला सांगितलं, "गेला."

"टीबी?"

"व्हय. टीबी."

त्या दिवशी सांगायला हवं होतं. औषध संपलं होतं, गाठी गेल्या होत्या, आता हात टेकायचं कारण नव्हतं. हेमाच्या ओठापर्यंत आलंही होतं. पण ती मनाशी म्हणाली, कशाला आता? माणूस बरा झालाय. जे नव्हतंच असं त्याला वाटतंय ते आता उकरून कशाला काढायचं? आता काय, तो आपणहून पोरीला जवळ घेईल.

त्याने घेतलं नाही. "आबा पन एकदा बरे झाले व्हते," तो म्हणाला. "परत उलटला. वरीस जाऊ दे. येक वरीस धड गेलां, की घेईन तिला." तो पडवीतच झोपत राहिला. दुकान उघडलं, हळूहळू कामाला लागला. अवनी शाळेतून दुकानावर जायची, पण टबाजवळ नाही. पलीकडच्या टपरीच्या बाकावर बसून लांबून बघायची.

वर्ष धड गेलं नाही. भात कापणीच्या सुमारास पुन्हा घाम सुरू झाला. मग ताप. मग एक दिवस रामाने स्वतःच उजव्या बाजूचा गळा चाचपला आणि हेमाचा हात तिथे नेऊन ठेवला.   यावेळी दांडा म्हणायलाही कोणी नव्हतं.

मुंबईला नेलं. तिथे दुसरं, जास्त कडक औषध दिलं. त्या औषधाला गाठी भ्यायल्या नाहीत, रामाला मात्र ते आडवा करून गेलं. रक्तातल्या पेशी उतरल्या, त्या वर येईनात. दोनदा न्यूमोनिया झाला. शेवटी तिथल्या डॉक्टरांनी कागदपत्रं देऊन रत्नागिरीला परत पाठवलं. परत पाठवणं म्हणजे काय, हे कोकणातल्या माणसाला समजावून सांगावं लागत नाही.

डॉक्टर योगिनींनी हेमाला खुर्चीत बसवलं आणि आपणही टेबल सोडून शेजारी येऊन बसल्या. तेव्हाच हेमाला कळलं.

"आता गाठींवरचं औषध देऊन त्यांना त्रासच होईल," त्या म्हणाल्या. "दुखू नये, दम लागू नये, एवढं बघू. ते आपल्या हातात आहे. बाकी नाही." मग म्हणाल्या, "हेमाताई, त्यांना कळायला हवं. तुम्ही नाही सांगितलंत तर त्यांना वाटेल की आणखी एक सलाईन घेतलं की झालं. ते वाट बघत राहतील."

हेमाने सखारामला विचारलं. तो खाली बघत म्हणाला, "तुज्या मनास येईल तां कर. माज्यानं न्हाय व्हयाचां." मोठ्या आवाजाचा माणूस, पण त्या दिवशी त्याचं बोलणं जवळ बसूनही नीट ऐकू आलं नाही.

तरी पुढचे काही दिवस हेमा नुसती फिरत राहिली. भात केला, पेज केली, गुरं बांधली. रोज ठरवायची आणि रोज सांजवेळ व्हायची.

मग एका दुपारी रामा उशाला टेकून बसला होता. अंगात काही उरलं नव्हतं. सदरा खुंटीला टांगावा तसा त्याच्यावर लोंबत होता. अवनी आत अभ्यासाला बसली होती, तिचा मोठ्याने वाचायचा आवाज येत होता. तो ऐकत रामा म्हणाला, "हेमा, ह्यां औषध लागू पडलां ना, की मी थुंकी तपासून घेतंय. साफ आली की गोकुळाष्टमीस पोरीस मांडीवर घेतंय. येवडां वरीस थांबत बसत न्हाय आता. लय झालां."

गोकुळाष्टमी लांब होती. फार लांब.

हेमाने हातातला पेला खाली ठेवला.

"तुमास टीबी न्हाय," ती म्हणाली. आवाज तिचा तिलाच परका वाटला. "कदीच नव्हता. क्यान्सर हाय. गाठींचा क्यान्सर. पयल्या सलायनापासनं त्याचांच औषध चाललांय. आमी खोटां बोललो तुमच्याशी. मी बोलले."

 हेमा वाट बघत होती. तो रडेल, शिव्या देईल, किती दिवस उरले ते विचारेल. यातलं काहीही चाललं असतं. त्याने तिला मारलं असतं तरी तिला बरं वाटलं असतं.

तो म्हणाला, "म्हंजे लागत न्हाय?"

"न्हाय."

"पोरीस?"

"कोनासच लागत न्हाय. डाक्टरनी मना पयल्याच वर्सी सांगितलान व्हतां."

रामाने डोळे मिटले. ओठ हलले. दीड वर्ष, असं काहीसं तो म्हणत असावा. हेमा त्याच्या पायाशी बसली, त्याचे पाय धरले आणि हमसून हमसून रडू लागली. तो तिला रागावला नाही. त्याच्यात तेवढी ताकद नव्हती की तेवढा रागच आला नाही, हे तिला अजून कळलेलं नाही.

मग त्याने हाक मारली. "अवनी. ए बाय, हिकडं ये."

वाचन थांबलं. अवनी आली आणि उंबऱ्यात उभी राहिली, नेहमीसारखी, दोन्ही पाय जुळवून.

"ये. बाबाकडं ये."

ती हलली नाही. तिने आईकडे पाहिलं, वडलांकडे पाहिलं. "बरा झाला टीबी?"

काय सांगायचं? बरा झाला म्हणावं तर खोटं, नव्हताच म्हणावं तर आठ वर्षांच्या पोरीला काय कळणार, आणि खरं काय ते तर सांगायलाच नको. हेमाने डोळे पुसले. ती उठली, उंबऱ्यावरून पोरीला उचललं आणि आणून तिच्या बापाच्या मांडीवर ठेवलं. पोर जड झाली होती. रामाच्या मांडीचं हाड तिला टोचत असणार. त्याने तिला कवेत घेतलं आणि तिच्या केसांत तोंड खुपसलं. बधिर बोटांनी तो तिचे कान, नाक, हनुवटी चाचपत होता. काही कळत होतं की नाही, देव जाणे.

अवनी काठीसारखी ताठ बसली होती. तिचे गाल फुगले होते, डोळे मोठे झाले होते. हेमाला आधी कळलं नाही. मग कळलं. पोरीने श्वास रोखून धरला होता.

रामालाही कळलं. त्याने तिचा चेहरा आपल्याकडे वळवला.

"श्वास घे, बाय," तो म्हणाला. "घे गो. काय व्हत न्हाय. बाबा सांगतोय ना, घे श्वास."

अवनीने जोरात मान हलवली, नाही. बाबानेच तर सांगितलं होतं, तो उडतो. तिचा चेहरा लाल होत गेला, डोळ्यांत पाणी आलं, तरी तिने तोंड उघडलं नाही. रामा रडत होता आणि पुन्हा पुन्हा तेच म्हणत होता, घे गो, घे. शेवटी तिचा दम संपला आणि तिला श्वास घ्यावाच लागला.